जागलीची टॉर्च: उष्णता बाहेर काढण्याच्या नोंदी (नागपूर, मार्च ते मे)

९ मार्च

काटोलकडे मामांची संत्र्याची बाग आहे. रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगायी) घुसतात, पाण्याच्या मोटारीला लाइटही बऱ्याचदा रात्रीचीच मिळते, म्हणून जागलीला (रात्रीच्या राखणीला) जोरदार टॉर्च लागते. त्यांनी घेतलेली टॉर्च पहिला मिनिटभर धुऱ्यापलीकडच्या (बांधापलीकडच्या) पळसापर्यंत उजेड फेकते, मग मंदावत जाते. सेल बदलले, चार्जर बदलला, फरक पडला नाही. मामा म्हणाले, "बॅटरी गरमही होत नाही, मग मंद काऊन होते रे?"

दुखणं त्यांच्या प्रश्नातच आहे. एवढी वीज ओढणारी वस्तू बाहेरून थंड राहत असेल, तर उष्णता आतच अडकलेली असणार.

टॉर्च अशी: ॲल्युमिनियमची बॉडी, सेल सोडून वजन १९० ग्रॅम, एकामागे एक बसणारे १८६५० मापाचे दोन लिथियम-आयन सेल, ७ मिमी चौकोनी एलईडी. मागचं झाकण काढून, जाड आणि आखूड वायर वापरून करंट मोजला. ७.६ व्होल्टला ३.९ अँपिअर, म्हणजे जवळपास ३० वॅट. यातला साधारण एकतृतीयांश उजेड होतो. बाकी सगळी उष्णता.

१२ मार्च

समोरची रिंग गोंदाने चिकटवलेली होती. हेअर ड्रायरने गरम करून, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पिळली तेव्हा सुटली. पाना लावू नका, कडा चेपतात आणि मग काच नीट बसत नाही.

आत जे दिसलं ते बारकाईने लिहितो, कारण स्वस्तातल्या बहुतेक टॉर्चमध्ये हेच सापडेल. एलईडी ॲल्युमिनियमच्या गोल पट्टीवर. पट्टी एका पितळी कपावर. कप आतून पोकळ, वरचा पत्रा दीड-दोन मिमीचा, आणि तो कप बॉडीत आट्यांवर ढिला फिरवलेला. पट्टीखाली उष्णता वाहून नेणाऱ्या पांढऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका, तोही वाळून खडूसारखा झालेला. ठिपक्याच्या बाहेर पट्टी आणि कप यांच्यात नुसती हवा.

म्हणजे एलईडीतून बॉडीपर्यंत जायला उष्णतेला एक पातळ पत्रा आणि ढिल्या आट्यांची काही टोकं एवढाच रस्ता. मामांना फोनवर सांगितलं की दंड तुंबलाय, पाणी वाफ्यापर्यंत पोचतच नाही. त्यांना ते लगेच पटलं.

१३ मार्च

मोजल्याशिवाय काहीच बदलायचं नाही, असं ठरवलं. बर्डीच्या बाजारातून के-टाइप थर्मोकपलचा (तारेच्या टोकाशी तापमान मोजणारा) मीटर आणला, ९०० रुपये. एका तारेचं टोक एलईडीच्या शेजारी पट्टीवर कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) दाबलं, दुसऱ्या तारेचं टोक टॉर्चच्या डोक्यावर बाहेरून.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक माझ्याकडे होता, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो साफ खोटं सांगतो. धातूचा चमकदार पृष्ठभाग उष्णता फार कमी विकिरित करतो, त्यामुळे यंत्राला त्यात खोलीचंच प्रतिबिंब दिसतं. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरला तर आकडा जुळतो. चुकीच्या सेन्सरने केवढा घोळ होतो हे आपल्या गावाने २०२४ च्या मे अखेरीस पाहिलंय. एका स्वयंचलित केंद्राने नागपुरात ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एका आकड्यावर विसंबू नका, दोन पद्धतींनी मोजा.

उजेडासाठी टॉर्च छताकडे धरून टेबलावर ठेवलेल्या मोबाइलच्या लक्स ॲपवर वाचन घेतलं. ॲपचा आकडा खरा नसतो, पण त्याच मोबाइलवर, त्याच जागी, आधी-नंतरची तुलना करायला पुरतो.

पहिली नोंद, खोली ३४ अंश: एका मिनिटाला पट्टी ८८, दोन मिनिटांना १०६. डोकं बाहेरून ४१. उजेड सुरुवातीच्या मानाने २३ टक्के उतरला. १०६ हा पट्टीचा आकडा आहे, एलईडीचा गाभा त्याहून कितीतरी वर. चांगल्या कंपनीच्या एलईडीलाही गाभ्याची कमाल मर्यादा साधारण १५० अंश असते. इथे बंद केली.

१६ मार्च

मामांनी आग्रह धरला की बाहेरून पाती लाव, मोटरसायकलच्या इंजिनला असतात तशी. सोपं होतं म्हणून करून पाहिलं. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक कापून डोक्याला क्लॅम्पने आवळला, मध्ये पेस्ट.

दोन मिनिटांना पट्टी १०५, डोकं ३९. एका अंशाचा फरक, तो मोजण्यातलाही असू शकतो. डोक्यापर्यंत उष्णता येतच नाही तर पाती फेकणार काय? टॉर्चवर काम करणारे बरेच जण इथेच पैसे घालवतात, म्हणून फसलेला हा प्रयोग मुद्दाम लिहून ठेवला.

२१ मार्च

आता आतून. वाळलेली पेस्ट लाकडी चमच्याच्या दांड्याने खरवडली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पट्टीच्या खालच्या बाजूवर मार्करने रेघोट्या मारून ती काचेवर ठेवलेल्या ४०० च्या वॉटर पेपरवर हलकेच घासली. शाई फक्त कडांची गेली, मधली तशीच राहिली. पट्टी बशीसारखी वाकलेली होती. सगळी शाई एकसारखी निघेपर्यंत घासली, मग ८००, मग १२००. कपाचा वरचा भागही तसाच. बोट जागेवर दाबून घासू नका, आठच्या आकड्यात फिरवा आणि अधूनमधून पट्टी पाव वळण फिरवत राहा.

पेस्ट ३५० रुपयांची. तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन पारदर्शक होईल इतकी पातळ पसरली. पेस्टचं काम धातूतल्या बारीक खाचा भरण्याचं. थर जाड झाला की तीच अडथळा होते, कारण महागातली पेस्टसुद्धा तांब्याच्या मानाने उष्णता वाहण्यात फारच मागे आहे.

दोन मिनिटांना पट्टी ९४, डोकं ४३. बारा अंश, तेही जवळजवळ फुकटात. ज्यांना लेथपर्यंत जायचं नाही त्यांनी एवढं तरी कराच.

३० मार्च

नवा एलईडी आला. क्री कंपनीचा एक्सएचपी ७०.२, सहा व्होल्टवाला, तांब्याच्या पट्टीसह. दोन्ही मिळून ९५० रुपये. साध्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत एलईडी आणि धातूच्या मध्ये विद्युतरोधक थर असतो आणि तो उष्णताही अडवतो. या तांब्याच्या पट्टीत एलईडीचा मधला उष्णतेचा भाग थेट तांब्यावर कथिलाने जोडला जातो, मध्ये कुठलाच थर नाही.

जोडणी एका जुन्या तव्यावर केली. या तव्यावर पुन्हा स्वयंपाक करायचा नाही, कथिलात शिसं असतं. ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर पेस्ट अगदी थोडी लावली, एलईडी ठेवला, गॅस मंद. १८३ अंशांच्या आसपास राखाडी पेस्ट अचानक चांदीसारखी चमकते आणि एलईडी किंचित खाली बसतो. त्या क्षणी चिमट्याने त्याला केसभर बाजूला ढकललं, तो तरंगत आपोआप मधोमध परत आला. तसा आला तर जोड नीट झाला असं समजा. नाही आला तर खाली कथील जास्त किंवा कमी आहे. मग गॅस बंद, आणि पट्टी निवेपर्यंत हात लावायचा नाही.

पुढे वायरी जोडताना अडलो. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न तांब्याच्या पट्टीपुढे टिकत नाही, तांबं उष्णता ओढून घेतं आणि कथिलाचा नुसता गोळा बसतो. ओढून पाहिलं तर वायर हातात आली. पट्टी तव्यावर सव्वाशे अंशांपर्यंत तापवून घेतली आणि ६० वॅटचा आयर्न वापरला, तेव्हा जोड पक्का झाला.

वाचन: दोन मिनिटांना पट्टी ९२. फक्त दोन अंश! पण उजेडाची घसरण २३ वरून १५ टक्क्यांवर आलेली. फायदा एलईडी आणि पट्टी यांच्या मध्ये झाला होता आणि माझं थर्मोकपल पट्टीवर होतं, त्याला तो दिसणार कसा? लक्सचं वाचन घेत नसतो तर साडेनऊशे रुपये पाण्यात गेले असंच वाटलं असतं.

५ एप्रिल

राहिला तो पोकळ पितळी कप. तो काढून तिथे भरीव तांब्याचा ठोकळा बसवायचं ठरलं. पितळ तांब्याच्या जेमतेम पाव पट उष्णता वाहतं, आणि इथे तर ते दीड-दोन मिमीच होतं.

इतवारीच्या बाजारात तांब्याचा गोल बार विचारला. हव्या त्या जाडीचा फूटभर तुकडा घ्यावा लागत होता, तो तीन किलोच्या वर भरला असता. शेवटी भंगारात इलेक्ट्रिक पॅनलमधली बसबारची (जास्त करंट वाहून नेणारी तांब्याची) पट्टी मिळाली, ५० मिमी रुंद, १२ मिमी जाड. दोन चौकोन कापून घेतले, साडेचारशे रुपये. बसबारचं तांबं शुद्ध असतं, आपल्या कामाला त्याहून चांगलं काही नाही.

हिंगणा रोडवरचे लेथवाले भाऊ तांबं बघूनच म्हणाले, "हे लय चिकट असते भाऊ, टूलले चिपकते." खरंच आहे ते. धारदार एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) टूल आणि कटिंग ऑइल लावून हळूहळू घ्यावं लागतं.

बॉडीतले जुने आटे कापून ३४ मिमीचं गुळगुळीत भोक करून घेतलं. बॉडीची भिंत पातळ आहे, लेथचा चक (तुकडा धरणारा भाग) जास्त आवळला की भोक लंबगोल होतं, म्हणून जबड्यांत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी घालून हलकं धरायला सांगितलं. ठोकळा मात्र भोकापेक्षा ३ शतांश मिमी मोठा हवा होता, म्हणजे ३४.०३. गरम बॉडीत थंड ठोकळा टाकायचा, निवल्यावर बॉडी त्याला करकचून धरते. गोंद नाही, आटे नाहीत.

पहिला तुकडा लेथवरून उतरताच मायक्रोमीटरने मोजला, बरोबर ३४.०३. घरी आणून मोजला तर ३३.९९, भोकात सरळ खाली घसरला. तुकडा कापताना तापलेला होता आणि तापलेलं तांबं फुगलेलं असतं. ३४ मिमीला सत्तर अंशांचा फरक म्हणजे ४ शतांश मिमी, नेमकी आपली सगळी आवळण त्यात गेली. हे काम करून घेताना तुकडा बादलीतल्या पाण्यात पूर्ण निवू द्या, पुसा, मग मोजा. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली हे जास्तच लागू आहे.

९ एप्रिल

दुसरा तुकडा निववून मोजला, ३४.०३. जाडी १० मिमी, वजन ८० ग्रॅमच्या थोडं वर. वायरीसाठी दोन भोकं, पट्टी कसायला एम-३ (३ मिमी) स्क्रूचे दोन आटे. तांब्यात टॅप (आटे पाडायचं हत्यार) अडकून मोडतो, म्हणून २.५ ऐवजी २.६ च्या ड्रिलने भोक घेतलं आणि टॅप अर्धं वळण पुढे, पाव वळण मागे, असा तेल लावून चालवला.

बसवणं: काच, ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा), स्विच सगळं काढून बॉडी तव्यावर दीडशे अंशांपर्यंत तापवली. ठोकळा रात्रभर फ्रीझरमध्ये. हिशोब असा की बॉडीचं भोक ९ शतांश मिमी फुगतं, ठोकळा ३ शतांश आकसतो, म्हणजे ३ शतांशाची आवळण वजा जाऊनही ९ शतांशाची मोकळीक मिळते. हातमोजे घालून ठोकळा सरळ वरून सोडला, टक् करून तळाच्या कडेवर बसला. हातात दोन-तीन सेकंदच असतात. वाकडा पडला तर मध्येच अडकतो आणि मग तो ठोकूनही निघत नाही.

गरम झाल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, मग ठोकळा ढिला होईल का, ही शंका होती. टॉर्च चाळीस अंशांनी तापली तरी फरक एका शतांश मिमीहूनही कमी, आवळण शिल्लक राहते. बॉडीच्या काळ्या ॲनोडायझिंगवर (ॲल्युमिनियमवरच्या कठीण थरावर) तापवण्याने केसासारख्या बारीक रेषा आल्या आहेत. दिसायलाच काय त्या, काम अडत नाही.

१० एप्रिल

जोडली आणि उजेडाच्या मधोमध काळा डाग. एलईडी रिफ्लेक्टरच्या केंद्राच्या वर गेला होता. ठोकळा खाली घ्यायची सोय आता नाही, म्हणून रिफ्लेक्टरखाली फायबरचे वॉशर घालून त्यालाच वर उचललं. ०.६ मिमीला डाग गेला. ठोकळा बसवण्याआधी उंची दोनदा तपासा. एलईडी खाली राहिला असता तर वॉशर पट्टीखाली घालावा लागला असता, आणि त्याने उष्णतेचा रस्ता पुन्हा अडला असता.

रिफ्लेक्टर धातूचा आहे आणि त्याची कड वायरींच्या कथिलाला टेकू शकते. तिथे कॅप्टॉन टेपची गोल चकती घाला. शॉर्ट झालं तर या सेलमधून केवढा करंट येतो, ते पाहायची वेळ येऊ देऊ नका.

ठोकळ्याची खालची बाजू आणि ड्रायव्हर (एलईडीचा करंट आवरणारं सर्किट) यांच्यामध्ये सिलिकॉनचा थर्मल पॅड घातला. ड्रायव्हरही तीन-चार वॅट उष्णता टाकतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

वाचन, खोली ३५: दोन मिनिटांना पट्टी ६१, डोकं ५०. उजेडाची घसरण ७ टक्के. आधी पट्टी आणि डोकं यांच्यात ६५ अंशांची दरी होती, ती ११ वर आली. रस्ता मोकळा झाला.

पाच मिनिटांना डोकं ६३.

१३ एप्रिल

मामा नागपूरला आले होते, त्यांच्या हातात दिली. "हे त हातात धरवत नाही बाबू. पहिलेची बरी होती, थंड त राहे."

त्यांचं बरोबर आहे. ६३ अंशांचा धातू धरवत नाही. पण आधीची थंडी खोटी होती, ती उष्णता एलईडी भाजत होती. आता ती बाहेर आली, तिचं काय करायचं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला नागपूरच्या हवेची मर्यादा आहे. एवढ्या टॉर्चचा पृष्ठभाग, वारा नसताना, हवेपेक्षा गरम असलेल्या दर अंशाला जेमतेम पाव वॅट टाकतो असं माझ्या वाचनांवरून निघतं. मे महिन्यात रात्री ३२ अंश हवा आणि हाताला सोसतील असे ५० अंश धरले, तर टॉर्चने सतत टाकायची उष्णता साडेचार-पाच वॅट. बाकी काहीही केलं तरी हा हिशोब बदलत नाही.

लेथवाल्या भाऊंनी बॉडी पॉलिश करून चकचकीत करून द्यायची तयारी दाखवली. नको म्हटलं. काळं ॲनोडायझिंग चकचकीत धातूच्या कितीतरी पट उष्णता विकिरित करतं, आणि वारा पडलेल्या रात्री तो वाटा मोठा असतो.

टॉर्चच्या डोक्यावरच्या पात्यांमधल्या खाचा खोल करून घेतल्या. पाच मिनिटांना ६३ चे ६१ झाले. आधीच्या खाचा दोन मिमी रुंद होत्या, एवढ्या फटीत हवा हलत नाही. एक आड एक पातं काढून फट पाच मिमी केली आहे. मिळालं ते थोडंच, पण या वेळी निदान मोजता आलं.

२२ एप्रिल

मग करंट आवरायचा. कल्पना: सुरुवातीला पूर्ण ३० वॅट, डोकं ५५ ला पोचलं की आपोआप सात-आठ वॅटवर. ५५ अंशांना उघडणारा बायमेटलचा (तापल्यावर वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीचा) चपटा थर्मल स्विच ६० रुपयांत मिळतो, तो ठोकळ्याला चिकटवला.

आधी तो ड्रायव्हरच्या करंट सेन्स रेझिस्टरच्या (ज्यावरून ड्रायव्हर करंट ओळखतो) वाटेत घातला, म्हणजे बंद असताना दोन रेझिस्टर समांतर, उघडल्यावर एकच. चाललं नाही. ते रेझिस्टर ५० मिलिओहमचे आणि स्विचच्या संपर्काचा रोध जवळपास तेवढाच. टॉर्च हलवली की उजेड कमी-जास्त व्हायचा. पुष्कळ संध्याकाळी यात गेल्या. मग ड्रायव्हरच्या आयसीचा डिमिंगचा पाय शोधला आणि तो स्विच व दोन साध्या रेझिस्टरांनी खाली-वर केला. तिथे करंट नावालाच वाहतो, संपर्काचा रोध आड येत नाही. उजेड स्थिर.

एक लक्षात ठेवा. हा स्विच ५५ ला उघडतो, पण परत बंद व्हायला चाळिशीपर्यंत उतरावा लागतो. उन्हाळ्यात कमी वॅटवर चालू असताना टॉर्च तेवढी उतरतच नाही, त्यामुळे पूर्ण उजेड परत हवा तर थोडा वेळ बंदच ठेवावी लागते. हिवाळ्यात ती आपोआप परत वर जाईल. मामांना तसं सांगून ठेवलंय.

३ मे

सेलबद्दल. डोक्याची उष्णता आता नळीतून सेलपर्यंतही जाते. लिथियम-आयन सेल वापरताना ६० अंशांच्या आत आणि चार्ज करताना ४५ च्या आत ठेवायचे असतात. कमी वॅटवर अर्धा तास चालवून सेल मोजले, ४६ निघाले. ठीक.

चार्जिंगचं मात्र नागपुरात जपायला हवं. मेमध्ये दुपारी बंद खोली ४२ च्या वर असते, चार्जर स्वतः गरम होतो, ४५ सहज ओलांडले जातात. पहाटे चार्ज करा. टॉर्च गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका.

पकडायच्या जागेवर जाड सुती दोरी गुंडाळली. तिथून थोडी उष्णता अडते, पण हात टिकतो.

२६ मे

नवतपा (मे अखेरचे तापलेले नऊ दिवस) सुरू आहे. काल रात्री बागेत नेली, अकरा वाजता हवा ३३, वारा पडलेला. पूर्ण उजेडात लावली आणि घड्याळ बघत राहिलो. पळसापलीकडचा दुसरा धुरा, त्यावर उभे असलेले रोही आणि त्यांचे हिरवट चमकणारे डोळे, सगळं स्पष्ट. तीन मिनिटांहून थोडं जास्त चालल्यावर उजेड खाली आला आणि तिथे स्थिर राहिला. पुढचा तासभर पाणी फिरवायला मामांनी त्याच उजेडात काम केलं. डोकं ५२, पण हात दोरीवर होता.

रोही पिटाळायला तीन मिनिटं पुरतात. दुसऱ्यांदा लागली तेव्हा दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा पूर्ण उजेड मिळाला.

खर्च: मीटर ९००, पेस्ट ३५०, एलईडी आणि पट्टी ९५०, तांबं ४५०, लेथ ८००, स्विच ६०. एकूण ३,५१०, आणि यातला मीटर पुढेही वापरता येईल. फक्त घासणं आणि पेस्ट केलीत तर चारशेच्या आत भागतं.

बाकी राहिलेलं: मागच्या झाकणाची स्प्रिंग पूर्ण करंटला चटका देण्याइतकी तापते. तिला जाड तांब्याच्या वेणीचा जोड द्यायचा आहे. ओ-रिंगाही वाळल्यात, पावसाळ्याआधी त्या बदलून सिलिकॉन ग्रीस लावेन.